खाडीपुलांच्या खांबांवर उंचीचे आकडे रंगवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की शिडाच्या होड्या म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, त्यांच्यासाठी सरकारने जेट्या कशाला बांधायच्या. चोचले तर चोचले, वाद घालत नाही. माझी होडी सेकंडहँड आहे, बावीस फुटी आहे आणि आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांपेक्षा स्वस्तात मिळालीय, एवढंच सांगून ठेवतो. आणि मला जेटी नकोच आहे, मला रंगाचा एक डबा हवाय. कशाला ते सांगतो.

एवढ्या होडीची डोलकाठी साधारण साडेआठ मीटरची असते, वर रेडिओची एरियल, वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा, म्हणजे पाण्यापासून टोकापर्यंत दहा मीटरच्या घरात गेलं. आता रेवदंड्याहून कुंडलिकेतून आत रोह्याच्या बाजूला जायचं म्हटलं तर वाटेत पूल आहे. पुलाखालून काठी जाणार की नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. खालून वर बघून अंदाज येत नाही, होडीत बसून बघितलं की काठी प्रत्येक पुलाला लागणारच असं वाटतं, अगदी दोन मीटर जागा असली तरी. मग काय करायचं, अलीकडेच नांगर टाकायचा आणि काठी आडवी करायची.

हे काम लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. काठीच्या बुडाला बिजागरी असते, तिच्यावर ती मागच्या बाजूला झोपवायची, टोकाला आधार म्हणून मागे लाकडाची कैची. शीड आणि बूम (शिडाच्या खालची आडवी दांडी) आधीच काढून ठेवायचं. काठीला पुढून ताणून धरणारी तार सोडली की सगळा भार हातावर येतो, म्हणून काठीच्या बुडाशी पुढच्या बाजूला दोनेक मीटरचा एक बांबू किंवा पाइप काटकोनात लावतात, पुढची तार त्याच्या टोकाला बांधायची आणि त्या टोकापासून होडीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, चार पदरी कप्पी लावून दोर हळूहळू सोडत जायचा. हा पाइप नसेल तर आडवी काठी परत उचलताच येत नाही, कारण तार काठीला जवळजवळ समांतर असते, कितीही ओढा, सगळा जोर बिजागरीवर जातो आणि टोक जागचं हलत नाही. हिशोबच करायचा तर, काठी आणि तारा मिळून तीस किलो धरा, वजनाचा मध्य बुडापासून चार मीटरवर, पाइप असला तर सुरुवातीला सत्तर-ऐंशी किलोची ओढ लागते, ती चार पदरी कप्पीतून हाताला वीसेक किलो येते. एक माणूस आरामात ओढतो, दुसरा फक्त तारांकडे लक्ष ठेवतो. काठीच्या खाली मात्र कुणी उभं राहायचं नाही, फोटो काढायला तर नाहीच नाही.

खरी कटकट बाजूच्या तारांची. त्या डेकला जिथे पकडलेल्या असतात तो पॉइंट बिजागरीच्या लेव्हलला असेल तर ठीक, पण बऱ्याच होड्यांत तो खाली असतो, मग काठी झुकली की तारा ढिल्या पडतात आणि काठी डावी-उजवीकडे झुलायला लागते, आणि नेमकी तेव्हाच एखादी ट्रॉलर बाजूने सुसाट जाते आणि तिची लाट येते. त्यासाठी बिजागरीच्या रेषेत दोन जादा दोर बांधावे लागतात. उभी करताना आणखी एक भानगड, तारांच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचे आट्यांचे टर्नबकल असतात, त्यातला एखादा आडवा होऊन अडकतो, कप्पीवर बसलेल्याला ते कळत नाही, तो ओढत राहतो आणि आट्यांचा रॉड वाकतो. वाकलेला रॉड ठोकून सरळ करून परत लावणारे महाभाग मी बघितलेत. तसं करू नये, तो तुटतो तो नेमका वाऱ्यात तुटतो. सोडण्याआधी आट्यांवर टेप चिकटवून खूण करायची म्हणजे परत ताण तेवढाच बसतो, आणि शेवटी प्रत्येक स्प्लिट पिन स्वतः हात लावून बघायची.

एवढं सगळं करायचं, तास-पाऊण तास घालवायचा, पलीकडे जाऊन परत तेवढाच वेळ काठी उभी करायला, आणि मग मागे वळून बघितल्यावर कळतं की अरे, काठी उभी ठेवूनसुद्धा आलो असतो. आमच्याकडचे एक तांडेल (मच्छीमार बोटीचे प्रमुख) दरवेळी हसतात, "पानी उतरू दे की काका, घाई कशाला." ते पुलाच्या खांबावरची कालवांची (शिंपल्यांची) रेघ बघतात, पाणी रेघेच्या किती खाली उतरलं त्यावरून त्यांना बरोबर कळतं. पण रेघेपासून वर पुलाच्या तळापर्यंत किती मीटर आहे ते त्यांनाही नक्की माहीत नाही, आणि त्यांना गरजही पडत नाही, त्यांच्या बोटीला आता इंजिन आहे.

गंमत म्हणजे २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात रेवदंडा खाडी-कुंडलिका हा ८५ नंबरचा. सावित्री आहे, दाभोळची वाशिष्ठी आहे, जयगडची शास्त्री आहे. राष्ट्रीय महामार्गावर साध्या रेल्वेपुलाखाली सुद्धा उंचीचा बोर्ड आणि कमान असते, आमच्या राष्ट्रीय जलमार्गावर पाटी सुद्धा नाही. आता रेवस-रेड्डी सागरी मार्गाचे नवे पूल होतायत, ते होऊ देत, हवेतच. वरळीला क्लीव्हलंड बंदराजवळ कोळी बांधव भांडले म्हणून कोस्टल रोडच्या दोन खांबांतलं अंतर ६० चं १२० मीटर झालं. रुंदीबद्दल निदान भांडण तरी झालं, उंचीबद्दल कुणी विचारतच नाही.

इंग्लंडमध्ये नॉरफोक ब्रॉड्स म्हणून नद्या-तळ्यांचा प्रदेश आहे, तिथे पॉटर हाइगमचा मध्ययुगीन दगडी पूल इतका बुटका आहे की शिडाच्या होडीला काठी आडवी केल्याशिवाय गत्यंतरच नाही. तिथल्या जुन्या मालवाहू शिडाच्या होड्यांना तर काठीच्या बुडालाच शिशाचं मोठं वजन असायचं, ते वजन तोलून धरायचं म्हणून दोन माणसांत एवढी मोठी काठी पुलाआधी खाली आणि पुलानंतर वर. आणि पुलांजवळ आकड्यांची पट्टी असते, वरून खाली वाढत जाणारे आकडे. पाणी ज्या आकड्याला टेकलंय तेवढी मोकळी उंची आत्ता या क्षणाला शिल्लक आहे. भरतीचं गणित नाही, अॅप नाही, सेन्सर नाही. पट्टी आणि रंग.

दुसरी गोष्ट याच्याहून गंभीर आहे, विजेच्या तारा. काठी अॅल्युमिनियमची, ताण्याच्या तारा स्टीलच्या, त्या धरून उभा असलेला माणूस ओला. ११ केव्हीची लाइन रस्ता ओलांडताना जमिनीपासून कमीत कमी ६.१ मीटर असावी असा नियम आहे, आणि ट्रेलरवर चढवलेल्या माझ्या होडीचं टोक अकरा मीटरला जातं. हाय टेन्शन असेल तर टेकायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. अमेरिकेत होबी नावाच्या जोडहोडीच्या काठीचा वरचा तुकडा याच कारणाने फायबरग्लासचा केला गेला. आमच्या भागातल्या एका बंदरावर बरोब्बर रॅम्पच्या डोक्यावरून लाइन गेलीय. अर्ज दिला, साहेब येऊन बघून गेले, लाइन आहे तिथेच आहे. बरं, उन्हाळ्यात तारा तापून लांबतात आणि आणखी खाली येतात, आणि पावसाआधी होड्या बाहेर काढायच्या त्या सगळ्या मे महिन्यात. लाइन हलवायला वेळ लागेल हे समजू शकतो, पण रॅम्पच्या तोंडाशी "वर विजेच्या तारा, काठी आडवी करा" असा बोर्ड लावायला कुठलं टेंडर लागतं?

तेव्हा संबंधित खात्यांना एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक खाडीपुलाच्या मधल्या गाळ्याच्या खांबांवर दोन्ही बाजूंनी आकडे रंगवावेत, आणि नव्या पुलांना ते बांधतानाच टाकावेत, म्हणजे परत होडी आणि मचाण लावायला नको.

आणि एक आपल्या पेपरकडे. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी तुम्ही छापता, ते चांगलंच आहे. पण मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे त्याच पुलाखाली सहा तासांनी चार मीटर जागा जास्त मिळते. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची हे आमच्या पिढीला पाठ आहे, अष्टमीला सहा वाजता भरती म्हणजे ओहोटी बाराच्या सुमाराला, पण नवीन पोरांना तिथीच माहीत नसते. तर त्या चौकटीत ओहोटीची वेळ आणि उंची पण टाका, आणि पावसाळा संपला की बंद करू नका, ऑक्टोबर ते मे पण छापा, होड्या तेव्हाच पाण्यात असतात.

आपला,
एक वाचक, रेवदंडा