खाट नको, घरी मशीन हवं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. गोडी छाटणी सुरू होती आणि दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातून कात्री सुटायला लागली. अंगठ्याजवळचं मांस बसलेलं, दंडात कातडीखाली सारखं काहीतरी फडफडायचं. दुखत मात्र काही नव्हतं. आठ महिने आम्ही मानेच्या मणक्याचे उपचार करत बसलो. ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती. मग नाशिकला एका न्यूरोलॉजिस्टनी ईएमजी (स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी) केली आणि मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव कळलं.

यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. बरं करणारं औषध नाही. रिल्युझोल १९९५ पासून आहे, त्याने दोन-तीन महिने वाढतात. बायपॅपचं, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचं, तसं नाही. २००६ सालच्या इंग्लंडमधल्या अभ्यासात, ज्यांचं बोलणं-गिळणं फार बिघडलं नव्हतं त्यांना या मशीनने साधारण सात महिने जास्त मिळाले. शिवाय रात्रीची झोप.

झोपेचं मुद्दाम लिहिते. दादांना आडवं होताच येईना. सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग. एका दवाखान्यात ऑक्सिजन लावला. बोटावरच्या यंत्रात ९६ आलं, आम्ही खूश. दादा मात्र आणखीच गुंगीत गेले. फुप्फुसं धडधाकट होती हो, भाता ओढणारे श्वासाचे स्नायू थकले होते! आत साचलेला कार्बन डायऑक्साइड नुसत्या ऑक्सिजनने बाहेर पडत नाही, उलट वाढू शकतो. त्याला मास्कमधून दाब देणारं बायपॅपच लागतं. एवढी गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचवायला पैसे लागत नाहीत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आमच्याकडे होतं. पण ते दाखल झाल्यावर चालतं, आणि दादांना मशीन घरी हवं होतं, रोज रात्री. शेवटी कर्ज काढून घेतलं. वर इन्व्हर्टर, कारण वाडीवरची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यातल्या यादीत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, या आजाराचं नाव नाही. प्रमाणपत्रासाठी दादांना दोनदा उचलून न्यावं लागलं, ते वेगळंच.

मागणी एकच. नाशिकच्या सिव्हिलमध्ये दहा-बारा बायपॅप ठेवा, पेशंटला घरी उसने द्या, कसे लावायचे ते नातेवाइकांना शिकवा आणि काम झालं की परत घ्या. सिंहस्थाच्या खर्चात हा आकडा शोधूनही सापडणार नाही.

पहिलं मशीन आमचंच घ्या. दादांना जाऊन चार महिने झाले. ते कपाटात पुसून ठेवलंय, चालू आहे. मास्क आणि नळी तेवढी नवी लागेल. कुठे जमा करायचं ते कळवावं.

आपली,
निफाड तालुक्यातली एक मुलगी