शुभे, आईला तूच सांग

ठाणे, भाऊबीज, रात्र

शुभे,

व्हॉइस नोट तू दीडच्या स्पीडला टाकून भाजी चिरत ऐकतेस हे मला माहितीये, म्हणून लिहूनच पाठवतेय, वाच नीट. तब्येती ठीक आहेत सगळ्यांच्या, माझं बीपी आहे तिथेच आहे.

तर, आईचा व्हिसा आला. आणि बाई एकटी निघालीय. नोव्हेंबरच्या शेवटी न्यूरेंबर्गला, पक्याकडे, नाताळ करूनच परत येणार. नानांनी जिला जन्मभर तळावपाळीच्या पलीकडे एकटं सोडलं नाही, ती! आज मी स्क्रीनसमोर निरांजन ओवाळतेय आणि हा शहाणा ओवाळणी म्हणून तिकिटाची पीडीएफ पाठवतो. उघडून बघते तर फ्रँकफर्टला विमान बदलायचं. मुंबईहून तिथे डायरेक्ट विमानच नाही म्हणे. विमानच नाही!

कागदांचं मला टेन्शन नाही, ते मी चाटून पुसून केलंय. ३०,००० युरोचा इन्शुरन्स, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालेल असा पासपोर्ट, पक्याने तिथल्या ऑफिसातून आणलेलं हमीपत्र, सगळं. व्हिसाचं स्टिकर आलं तेव्हा भिंग घेऊन बसले होते, कारण त्यावर तारखा लांबच्या दिसल्या तरी राहायचे दिवस वेगळे छापलेले असतात आणि तेच धरायचे. हे सगळं आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही. उतरल्यावर तिथला ऑफिसर कागद मागू शकतो आणि बॅग तेव्हा कुठे असेल देव जाणे. गोळ्या पाकिटातच ठेवल्यात, डबीत काढून दिल्या नाहीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर कंपनीचं नाही तर औषधाचं नाव लिहून घेतलंय. रोमिंगही इथूनच चालू करून दिलं. तुझ्या आत्याच्या वेळी काय झालं होतं ते आठवून केलंय सगळं.

माझा जीव अडकलाय तो व्हीलचेअरमध्ये.

एअरलाइनला ४८ तास आधी कळवलं की झालं, पैसे लागत नाहीत. मुंबईला चेक-इनपासून माणूस सोबत, सिक्युरिटी, इमिग्रेशन करून थेट गेटपर्यंत. फ्रँकफर्टला उतरलं की दुसरा माणूस उभा. पासपोर्टचं चेकिंग तिथेच व्हायचंय, न्यूरेंबर्गला नाही, आणि हल्ली शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद करायला लागलेत, त्याच्याही रांगा. मग पुढचं गेट शोधायचं, ते किती लांब असेल कोण जाणे, पाट्या जर्मन आणि इंग्रजीत. चालता येत नाही म्हणूनच व्हीलचेअर घेतात असं थोडीच आहे, भाषा येत नाही म्हणूनही घेतात कितीतरी जण. एवढं सगळं मी सांगितलं. तिने शांतपणे शेंगदाणे सोलत ऐकलं आणि म्हणाली, "खुर्चीत बसून परदेशात पाय ठेवायचा? मग पाय ठेवला कशाला म्हणायचं?"

मी म्हटलं तिथे तुला आपल्या सोसायटीतलं कोण बघणारे? तर म्हणे, "मला दिसेल ना."

आता सांग, यावर काय बोलणार.

पाडव्याच्या शोभायात्रेतलं मामलेदार मिसळीचं प्रकरण तुझ्यासमोर झालं म्हणून तुलाच लिहितेय. बाकी कोणाला सांगितलं तर म्हणतात, सापडल्या ना शेवटी. सापडल्या! कोपिनेश्वरच्या बाहेर ढोल वाजतायत, तू पोलिसाला आईच्या नऊवारीचा रंग सांगतेस तोही चुकीचा (मोरपंखी होती गं, हिरवी नाही, अजूनही सांगते), आणि बाईसाहेब मामलेदारला मिसळ खातायत. वर मलाच, "मी नाही हरवले, तुम्ही हरवलात." फ्रँकफर्टला ती अशीच कुठेतरी निवांत बसेल आणि विमान निघून जाईल. माथेरानची गाडी चुकली तर आपण चालत उतरलो. (तुझ्यामुळे चुकली. ते मी मागे घेतलेलं नाही.)

खाण्यावरून वेगळंच महाभारत. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे खव्याच्या करंज्या, पेढे, तूप सगळं बाद. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चालेल म्हटलं. तर खोबऱ्याच्या वाट्या काढून बसली. त्याही विमानात चालत नाहीत, सुकं खोबरं तेलकट, पेट घेतं म्हणून. "मग जाऊ कशाला?" म्हणून तासभर रुसली. नंतर पक्याने तिथल्या बाजाराचे फोटो पाठवले, चौकात लाल-पांढऱ्या कापडाची दुकानं, चर्चच्या गॅलरीतून एक सोनेरी कुरळ्या केसांची मुलगी येऊन उद्घाटन करते, आणि रुसवा गेला. तिथे गरम वाइन मिळते, लवंग-दालचिनी घातलेली, कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत. पक्या तिला तीच काढा म्हणून पाजणार, बघ तू. बिनदारूचंही मिळतं, पण पक्याला ओळखतेस ना. २४ला दुपारी बाजार आवरतो आणि २५-२६ला दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी आधी भरायची, हे मी त्यालाच बजावलं. तिकडे राहतो कोण आणि सांगतंय कोण!

तुझं काय? भाऊजींची बदली थांबली का? सईचं बारावीचं वर्ष, तिला म्हणावं मावशीने विचारलंय, मार्क नाही विचारले. गुडघ्याला तेल लावतेस का? सांगलीत थंडी पडली असेल.

हे बघ, माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकते, कायम ऐकलंय, का ते मला कधीच कळलं नाही. फोन कर. चारच्या आत नको, झोपलेली असते. सुरुवात चकलीपासून कर, यंदा कडक झाल्यात हे ती स्वतःच सांगेल. मग तुझी आत्या विमानतळावर व्हीलचेअरने गेली होती आणि सगळ्यांच्या आधी विमानात बसली, खिडकी मिळाली, असं काहीतरी सांग. खिडकीवर जोर दे. मी सांगितलं म्हणून अजिबात बोलू नकोस.

आणि उद्याच कर, लांबवू नकोस.

तुझी,
नीलू