म्हशी वळवणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावावर श्रावणातल्या त्या सकाळी तुम्ही जे केले, ते तुमच्या लेखी काहीच नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुमचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण उद्या गळ्यात कॅमेरे अडकवून लोक तुम्हाला शोधत यावेत, अशी माझी इच्छा नाही.

एरवी चतुर या उडत्या कीटकाचे जवळून छायाचित्र घेणे चिकाटीचे असले, तरी अशक्य नसते. काठावरच्या बेशरमाच्या झुडपाच्या शेंड्यावर बसलेला नर उडाला तरी आपली हद्द सहसा सोडत नाही. डास-माशी पकडून किंवा दुसऱ्या नराला पिटाळून तो बहुधा त्याच शेंड्यावर परततो, आणि आपली सावली त्याच्यावर न पाडता हळूहळू पुढे सरकणाऱ्याला संधी मिळते. पाण्यातून वर चढलेली अळी कात टाकून चतुर होते, ती वेळ मात्र वेगळीच. पाठीवर भेग पडून डोके आणि छाती बाहेर येते, मग तो उलटा लोंबकळत पाय टणक होण्याची वाट पाहतो, एकाएकी वर उसळून आपल्याच कातीला धरतो आणि उरलेले पोट ओढून काढतो. त्यानंतर कुठे चुरगळलेले दुधाळ पंख भरू लागतात. या साऱ्या काळात त्याला उडता येत नाही. देठ हलून तो पाण्यात पडला तर संपलाच, आणि ओल्या पंखांना धक्का लागला तर ते वाकडेच वाळतात. माझी अडचण त्यापुढे क्षुल्लक होती, पण होती: मॅक्रो लेन्सने इतक्या जवळून टिपताना लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ११ इतके बारीक ठेवूनही जेमतेम दोन-चार मिलिमीटर खोलीच स्पष्ट उमटते, त्यामुळे देठ जरासा डुलला तरी चित्र वाया जाते.

त्या सकाळी मी हेच टिपत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्या म्हशी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, खाली उतरू लागल्या. पाणी त्यांच्या हक्काचे, वाट त्यांच्या रोजची. मी कोणत्या तोंडाने अडवणार होतो? तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलात, देठावरच्या त्या जिवाकडे क्षणभर निरखून पाहिलेत आणि म्हणालात, “होऊ द्या जी. म्हशी काय, पलीकडून बी उतरतील.” कळप वळलाही, पण एक हट्टी म्हैस काही ऐकेना, तेव्हा तुम्ही स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून काठी आडवी धरलीत आणि तिला न मारता, न ओरडता, नुसते बोलत बोलत माघारी फिरवलेत. तिथेच तुमचे काम संपले होते. तरीही तुम्ही पाण्यातून पाय काढला नाहीत. लाट देठापर्यंत जाईल, हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. चतुराचे पंख पारदर्शक होऊन तो उडेपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत, आणि मला जे मिळाले ते त्या न हललेल्या पायांमुळे मिळाले.

हे मनाला इतके लागण्याचे कारणही सांगतो. भरपूर शुल्क भरून मी पूर्वी एका छायाचित्रण शिबिराला गेलो होतो. तिथल्या जाणकारांनी शीतपेटीत गारठवून आणलेले चतुर बाहेर काढले, तोडून आणलेल्या काडीला चिकटवले, वर फवाऱ्याने दव पाडले आणि आम्हा सगळ्यांना ओळीने उभे करून छायाचित्रे घ्यायला लावली. कोणीतरी हरकत घेतली, तेव्हा ‘फोटोत कुठे कळते?’ असे उत्तर मिळाले. निसर्गप्रेमाचे प्रशस्तिपत्रक संध्याकाळी सर्वांना वाटले गेले, हे वेगळे सांगायला नकोच. ज्यांना चतुराच्या शरीरातला भाग न् भाग तोंडपाठ होता, त्यांना त्याच्यासाठी थोडा वेळ थांबता आले नाही. तुम्ही मात्र दूध घालायला उशीर होत असतानाही थांबलात. असली माणुसकी शिबिरांत शिकवता येते की नाही, याविषयी मला दाट शंका आहे, पण ती गावोगावच्या तलावांवर अजून आहे, म्हणून आमच्यासारख्यांचे निभावते.

निघताना तुम्ही विचारले होते, “हा इतके दिवस पाण्यात करत काय होता?” म्हशी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरू पाहत होत्या, म्हणून उत्तर अर्धवट राहिले; ते आता देतो. तो शिकार करत होता. या अळीचा खालचा ओठ कोपरात दुमडलेल्या हातासारखा चेहऱ्याखाली असतो. डासाची अळी किंवा बेडकाचे छोटे पिल्लू टप्प्यात आले की तो झटकन पुढे फेकला जातो. घाईच्या वेळी मागच्या बाजूने घेतलेले पाणी जोराने मागे सोडून ती स्वतः पुढे झेपावते. तुम्ही बोटाने दाखवलेले, रिकाम्या कातीच्या भेगेत लोंबणारे पांढरे धागे म्हणजे तिच्या श्वासनलिकांचे अस्तर; कातीबरोबर तेही सोलून निघते.

छायाचित्राची मोठी प्रत पाळीजवळच्या चहाच्या टपरीवर तुमच्यासाठी ठेवली आहे. दुसरी प्रत शाळेसाठी आहे. तेवढी मास्तरांकडे पोहोचवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पाळीवर पालथा पडलेला फोटोवाला