भावनांचे धडे, पण आपल्या बोलीत

महोदय,

खेड्यातल्या किशोरवयीन मुलांसाठी सामाजिक-भावनिक शिक्षणाचा (म्हणजे भावना ओळखणे, सांभाळणे, इतरांशी जुळवून घेणे) अभ्यासक्रम करायचा तर कोऱ्या कागदापासून सुरुवात नको. जागतिक आरोग्य संघटनेची 10 जीवनकौशल्ये आणि आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमाचे 11 विषयांचे साहित्य आधी वाचावे. गाडी अडते ती भाषेत. फळ्यावर ‘नैराश्य’ लिहिले की वर्ग गप्प. ‘जीव घाबरा होते’, ‘डोकं तापते’ म्हटले की मुले बोलती होतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी शब्द मुलांकडूनच गोळा करावेत. प्रसंगही इथलेच हवेत: वेचणीसाठी बुडालेली शाळा, कापसाला भाव न मिळाल्यावर घरातला अबोला.

आठवड्याला 40 मिनिटांचा एक तास पुरे. मात्र दिवाळीच्या आगेमागे वेचणीमुळे हजेरी घटते, तेव्हा नवा धडा नको, उजळणी घ्यावी. छपाईपूर्वी दोन शाळांत चार धडे घेऊन पाहावेत. गुण तर देऊच नयेत; मुले मग सरांना आवडेल तेच लिहितात.

एखाद्याने जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलून दाखवले तर काय करायचे, हे शिक्षक-पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापावे: मुलाला एकटे सोडू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा.

– काही शिक्षक, यवतमाळ जिल्हा