भाडे थांबवू नकोस

पुणे, १२ मार्च २०२३

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास. चूक माझी होती. त्यानंतर तू पाठवलेले लीज मी दोनदा वाचून काढले. भाडे थांबवण्याचा विषय पत्रात काढणार नाही, असे आईला कबूल केले आहे.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घराचा ४० टक्के हिस्सा तुमचा, उरलेला ६० टक्के हाउसिंग असोसिएशन या गृहसंस्थेचा, त्यावर तिला भाडे, आणि ते दर एप्रिलला आरपीआय (तिथला किरकोळ महागाईचा दर) अधिक अर्धा टक्का या सूत्राने वाढणार, हे तुम्ही सही करून मान्य केले आहे. त्यामुळे नुसते 'वाढ अन्यायाची आहे' असे लिहून काही हाती लागणार नाही. मात्र सूत्रात सप्टेंबरचा आकडा घ्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. सप्टेंबर २०२२ चा आरपीआय १२.६ टक्के होता, आणि तुमच्या असोसिएशनने ऑक्टोबरचा १४.२ धरला आहे. म्हणजे ४८० पौंडांचे ५४२.८८ व्हायला हवे होते, ते त्यांनी ५५०.५६ केले. फरक किरकोळ वाटेल, पण पुढच्या वर्षीची वाढ याच आकड्यावर बसणार आहे आणि भाडे कमी होण्याची सोय लीजमध्ये नाही. म्हणून हा मुद्दा पहिला घे. सरकारने यंदाच्या भाडेवाढीला घातलेल्या ७ टक्क्यांच्या मर्यादेचे त्यानंतर, आणि तेही विनंती म्हणून, कारण ती मर्यादा सवलतीच्या सामाजिक भाड्याच्या घरांसाठी आहे, तुमच्यासारख्या शेअर्ड ओनरशिपसाठी, म्हणजे अंशतः मालकीच्या घरांसाठी, नाही. अनेक असोसिएशनांनी ती आपणहून पाळली, 'मग तुम्ही का नाही?' एवढे त्यांना विचारता येईल. असोसिएशनकडे तक्रारीचे दोन टप्पे संपले की हाउसिंग ओम्बुड्समनकडे, म्हणजे घरांच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते, परंतु तिथे वाढ किती असावी हे ठरत नाही, तक्रार नीट हाताळली की नाही एवढेच पाहतात.

आणि हे चालू असताना भाडे पूर्ण भर. पाहा, आलोच त्यावर.

'वाढीव सत्तर पौंड तेवढे अडवणार' असे तू म्हणालीस. मी हिशेब केला: सोळा महिन्यांत ती थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त होते, आणि तिथल्या १९८८ च्या घरविषयक कायद्याप्रमाणे सध्या दोन महिन्यांचे भाडे थकले की न्यायालयाला ताबा द्यावाच लागतो. त्याहून कमी थकले तरी दावा लावता येतोच. २००७ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयात एका बाईंचा निम्मा हिस्सा अशाच थकबाकीपायी गेला, कारण कायद्याने त्या भाडेकरूच ठरल्या. चाळीस टक्क्यांसाठी तुम्ही काय काय मोडले ते मला ठाऊक आहे.

हे व्याख्यान झाले, क्षमा कर. पण वाड्याच्या मालकाने भाडे घेणे बंद केले तेव्हा तुझी आजी दर महिन्याच्या पाच तारखेला मला बावीस रुपये देऊन पोस्टात पाठवी. आठ दिवसांनी पोस्टमन मनिऑर्डर परत आणी, वर जांभळ्या शाईत 'घेण्यास नकार'. मी एकदा चिडून म्हटले, परत येणारच आहे तर कशाला पाठवायची? तिने उत्तर दिले नाही. पावती तारेत ओवली आणि तार खिळ्याला अडकवली. दाव्यात वकिलांनी ती तारच न्यायाधीशांपुढे ठेवली होती. तूही भरताना 'तक्रार कायम ठेवून, हक्क राखून भरत आहे' असे त्यांना दर वेळी लेखी कळव.

नव्वद पानी लीज वाचून तू शेजारच्या अकरा घरांना एकत्र आणलेस, हे मी इथे ज्याला त्याला सांगत सुटलो आहे. तुला मात्र अजून सांगितले नव्हते. पत्राचा मसुदा पाठव, आकडे मी तपासून देतो. आणि एक तारखेला भाडे गेले की तेवढे कळव. किती भरलेस ते विचारणार नाही. विचारीन, पण एकदाच.

तुझे,
बाबा