पुसायच्या आधी बघायला लावणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर तुम्ही वाचून सदऱ्याच्या खिशात घातलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय रात्री ट्रायपॉड खांद्यावर टाकून माळरानात जाणारे आम्हीच काही एकटे नाही. आमच्या फोटोंत आले तसे ताऱ्यांच्या नकाशात नसलेले ठिपके त्यांच्याही फोटोंत येत असणारच. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तुमची अटच तशी होती.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही चार-पाच जण आहोत, कुणी बँकेत, कुणी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिणारं, एक जण अजून कॉलेजात. अमावास्येच्या आसपास सोलापूरजवळ मार्डीकडच्या एका ओळखीच्या शेतात जाऊन आकाशाचे फोटो काढतो. मृग नक्षत्राच्या फोटोंत असे प्रकाशाचे ठिपके दिसायला लागले की जे ताऱ्यांच्या कुठल्याच नकाशात नव्हते. झालं, ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, परग्रहावरचं यान. दुसऱ्याचं म्हणणं, सॉफ्टवेअरमध्ये टाक आणि पुसून मोकळा हो. एका दुकानात तर कॅमेरा हातात घेऊन सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, गेला, बदलावा लागेल, असं सांगितलं, आणि खर्चाचा आकडा ऐकून कॉलेजातल्या मुलानं छंदच सोडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात कुणाला तरी तुमची आठवण झाली. "स्टुडिओ बंद केलाय, पण डाग त्यांच्याइतके कुणाला कळत नाहीत."

काका, तुम्हाला खगोलशास्त्र येत नाही हे तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत, ते बरं झालं. आमच्यातल्या प्रत्येकाला थोडं थोडं येत होतं आणि सगळा घोळ त्यातूनच चालला होता. तुम्ही फोटो लॅपटॉपवर बघायला नकार दिलात, मोठे प्रिंट काढून आणायला लावलेत आणि काचेखाली धरून म्हणालात, "डाग कसला ते मागनं बघू. कुठं बसलाय ते बघ की आधी. फिल्मवर, काचेत का बाहेर?"

निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो, इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या रासायनिक थराला, भोक पडलं तर काळा, हे तुम्ही उमेदीची सगळी वर्षं बारीक ब्रशनं भरत बसलात. ठिपक्याकडे बघून तो कुठून आला हे ओळखायची सवय तिथली. आमच्या डिजिटल कॅमेऱ्याला ती जशीच्या तशी लागू पडेल असं मला वाटलं नव्हतं. पडली.

सगळ्यात आधी तुम्ही लागोपाठचे दोन फोटो शेजारी ठेवलेत. पृथ्वी फिरते, त्यामुळे स्थिर ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यात तारे दर फोटोला थोडे सरकतात. बरेच ठिपके मात्र चौकटीत जागच्या जागी होते. म्हणजे आकाशाशी त्यांचा संबंध नाही, असं आम्ही म्हणालो. तुम्ही मान हलवली नाहीत. "आकाशातलंच काही न हलणारं असलं तर?" आणि असतं की! भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरतात, म्हणून जमिनीवरून बघणाऱ्याला ते जागचे हलत नाहीत. स्थिर कॅमेऱ्यात तारे सरकतात आणि हे तिथंच राहतात. तेव्हा नुसत्या दोन फोटोंवर निकाल लागत नाही. तुमचा उपाय साधा होता: झाकण लावा. तेवढाच वेळ, तोच आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा), तीच रात्र, लेन्सवर झाकण आणि वरून तुमच्या जुन्या प्लेट कॅमेऱ्याचं काळं फडकं. त्या काळ्या फोटोत तेच ठिपके त्याच जागी आले. लाल, निळे, हिरवे, एकेका पिक्सेलएवढे.

हे हॉट पिक्सेल. सेन्सरमधल्या काही पिक्सेलांमधून प्रकाश नसतानाही जास्त विद्युतभार गळत राहतो आणि उष्णता वाढली की गळती वाढते. साधारण दर सहा अंश सेल्सिअसला ती दुप्पट होते. थंडीतल्या रात्रीपेक्षा दहा-बारा अंशांनी गरम असलेल्या आपल्या एप्रिलच्या रात्री ते तिपटी-चौपटीनं का उजळतात, याचा उलगडा त्यात झाला. सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, सेन्सरला कुठला सोडणार. सेन्सर बदलायची गरजच नव्हती. हे थोडेबहुत प्रत्येक कॅमेऱ्यात असतात. काळा फोटो मूळ फोटोतून वजा केला की जातात, आणि काही कॅमेऱ्यांत असे पिक्सेल ओळखून वगळणारी पिक्सेल मॅपिंग नावाची सोयही असते. कॉलेजातल्या मुलाचा छंद तुमच्या फडक्यानं वाचवला, त्याच्या आईनंही तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

काळ्या फोटोंत आणखी एक प्रकार सापडला. हे ठिपके एकाच फोटोत येत, पुढच्यात नसत, आणि काही ठिपके नसून चिमुकल्या वाकड्या रेघा होत्या. झाकण लावलेलं असताना आत आलं कोण? तुम्हीच म्हणालात की हाय स्पीड फिल्मचे रोल डब्यात नुसते पडून असले तरी धुरकट होत, आणि कंपनीचे लोक त्याला अवकाशातल्या किरणांचंही एक कारण सांगत. ते किरण हेच. व्हिक्टर हेस यांनी 1912 मध्ये फुग्यातून वर जाऊन दाखवलं की वर जावं तसं हे प्रारण वाढतं, आणि 1936 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हे विश्वकिरण वातावरणावर आदळून म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि त्यांतले समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला सुमारे एक या हिशेबानं खाली येतात. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतीन चौरस सेंटिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे मिनिटाला तिघेजण झाकण, काच, सगळं ओलांडून जातात. सगळेच खूण सोडत नाहीत, पण मला ही गोष्ट उडत्या तबकडीपेक्षा जास्त भारी वाटते.

तिसऱ्या ठिपक्याचा निकाल तुम्ही फूटपट्टीनं लावलात आणि तो प्रिंट मी आता फ्रेम करून घेतलाय. एका कोपऱ्यात व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि समोरच्या कोपऱ्यात हिरवट, धूसर ठिपका. यानवाल्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. तुम्ही व्याधापासून चौकटीच्या मध्यातून रेघ ओढलीत आणि तेवढंच अंतर पलीकडे मोजलंत. पेन्सिलचं टोक बरोबर ठिपक्यावर. सेन्सरवरून परतलेला प्रकाश लेन्सच्या काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि मध्याच्या विरुद्ध बाजूला उमटतो. कॅमेरा थोडा वळवला की तारा एकीकडे जातो, हा दुसरीकडे. लग्नाच्या हॉलमधल्या हॅलोजननं तुम्हाला आयुष्यभर हाच त्रास दिला म्हणालात.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

एवढं झाल्यावर एक ठिपका उरला. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली, तेजोमेघाच्या वर. एकाच फोटोत, आधीच्यात नाही, नंतरच्यात नाही. एका पिक्सेलचा नाही, शेजारच्या ताऱ्यांसारखाच चार-पाच पिक्सेलांत पसरलेला, म्हणजे लेन्समधून आलेला. व्याधाच्या समोर नाही. आम्ही फोटो एकावर एक रचायला सॉफ्टवेअरमध्ये टाकले होते आणि तयार झालेल्या सुंदर फोटोत तो नव्हता. कारण एकाच फोटोत आलेली गोष्ट खोटी समजून गाळायची, असंच त्या सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं. आम्ही खूश. तुम्ही नव्हता. "मशीननं पुसलं म्हणून नव्हतं असं कसं म्हणतीस?"

जन्मभर लोकांच्या गालावरचे डाग पुसून पोट भरलेल्या माणसाकडून हे ऐकणं काही वेगळंच होतं. तेव्हापासून आमचा नियम झालाय: रचण्याआधी सुटा प्रत्येक फोटो डोळ्यांखालून घालायचा.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, असल्या एकेका ठिपक्यानं भल्याभल्यांना फिरवलंय. 1980 च्या दशकात कॅनडातल्या हौशी निरीक्षकांना ययाती नक्षत्राच्या भागात लखलखाट दिसले, एक फोटोतही आला, आणि वेध घेणाऱ्यांत मोठी चर्चा झाली. 1987 मध्ये दाखवून दिलं गेलं की उपग्रहावरून परावर्तित झालेलं ते ऊन होतं. अगदी अलीकडे एका अतिदूरच्या दीर्घिकेच्या जागी केक दुर्बिणीला झगमग दिसली, ती रशियन रॉकेटच्या निकामी भागाची असल्याचं 2021 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मांडलं. आणि उलट बाजूनं: 20 सप्टेंबर 2016 ला अर्जेंटिनात व्हिक्टर बुसो हे हौशी निरीक्षक घरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते. एका दीर्घिकेच्या कडेला ठिपका उगवला आणि फोटोगणिक उजळत गेला. ताऱ्याचा स्फोट अगदी सुरू होताना पकडला गेला होता. त्यांनी त्याला सेन्सरचा दोष म्हणून पुसलं असतं तर?

आपला ठिपका तसला नाही, तो क्षणात येऊन गेला. माझा संशय उपग्रहावर आहे. सोलापूर साडेसतरा अंशांच्या वर उत्तरेला असल्यामुळे भूस्थिर उपग्रहांचा पट्टा आपल्याला खगोलीय विषुववृत्तापासून (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ) तीन अंश दक्षिणेला दिसतो, म्हणजे नेमका बाण आणि तेजोमेघ यांच्या मधून. तिथल्या एखाद्या निकामी, गिरक्या घेणाऱ्या सांगाड्यावर ऊन चमकलं असेल. पण तुम्ही वहीत त्याच्यापुढे वेळ लिहिलीत, जागा लिहिलीत आणि कारणाचा रकाना मोकळा ठेवलात. मी "बहुतेक उपग्रह" लिहायला गेले तर पेन काढून घेतलंत.

2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशात जळते गोळे दिसले तेव्हा उल्का, विमान, क्षेपणास्त्र, सगळं बोलून झालं होतं, आणि मग चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात धातूची भली मोठी कडी पडलेली सापडली. चिनी रॉकेटचे ते तुकडे असल्याचं मानलं जातं. प्रत्येक ठिपका असा पुरावा हातात देत नाही. मग तो मिळवायचा कसा, तेही तुमच्याच प्रश्नावरून सुचलं: "दुसऱ्या गावातनं तो तिथंच दिसंल का?"

पृथ्वीजवळचा असला तर नाही दिसणार, ताऱ्यांमध्ये थोडा सरकलेला दिसेल. म्हणून या थंडीत दोन कॅमेरे लावतोय, एक मार्डीला, एक अक्कलकोटच्या पलीकडे, मध्ये चाळीसेक किलोमीटर. घड्याळं मोबाइलवरून जुळवलेली. ठिपका एकाच कॅमेऱ्यात आला तर बहुधा सेन्सरचा. दोन्हींत आला आणि ताऱ्यांमध्ये तीन-चार अंश सरकलेला असला तर पाच-सहाशे किलोमीटरवरचा उपग्रह. अंशाच्या पंधराव्या-सोळाव्या भागाइतकाच सरकला तर भूस्थिर उंचीवरचा. अजिबात सरकला नाही, म्हणजे त्याहूनही खूप दूरचा असला, तर मात्र तुम्हाला रात्रीच फोन येईल, उचला.

गड्ड्याची जत्रा जानेवारीत, त्या दिवसांत गावातले दिवे आणि धूळ दोन्ही वाढतात, म्हणून डिसेंबरची अमावास्या ठरवतोय. मार्डीच्या कॅमेऱ्यावर तुम्ही हवे आहात. गाडी दारात येईल, भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडे, काळं फडकं तेवढं तुम्ही आणा. काकूंची परवानगी आम्ही काढलीय.

आभार मानले की तुम्ही चिडता, तरी मानते.

तुमची,
मार्डीच्या शेतातली मंडळी, त्यांच्या वतीनं मी

ता. क. दुकानानं सेन्सर गेला म्हणून सांगितलेल्या त्या कॅमेऱ्यानंच अक्कलकोटची बाजू सांभाळायचीय.