परड्यात सातेरी मधमाश्या टिकवणाऱ्या काकांचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

आंब्याच्या फांदीला लटकलेला सातेरी माश्यांचा घड तुम्ही पेटीत घेतलात, त्याचे आभार तर आहेतच. हे पत्र चारचौघांत लिहितोय ते मात्र त्यानंतरच्या कामासाठी. घड पेटीत पाडणारे बेळगावात, खानापुरात पुष्कळ भेटतील. सातेरी आत टिकवणारे थोडे. जागा पटली नाही की ती दोन-चार दिवसांत पेटी मोकळी करून जाते.

धूर दिला नाहीत, हे फार बरं केलंत. घर सोडून निघालेल्या माश्यांचं पोट मधानं भरलेलं असतं, त्या सहसा डंख मारत नाहीत. धुरानं घड उगाच विस्कटतो. पाण्याचा बारीक फवारा, खाली पेटी आणि फांदीला एकच जोरदार हिसका. हळूहळू हलवली की माश्या उडतात आणि राणी वरच राहते. राणी शोधत बसण्यापेक्षा दाराकडं बघत बसलात, तेही योग्यच. दारात माश्या शेपटी वर करून पंख हलवू लागल्या की त्या वासानं बाहेरच्यांना बोलावतात, म्हणजे बहुतेक राणी आत आहे. मग दिवस मावळेपर्यंत पेटी तिथंच ठेवायची, म्हणजे जागा शोधायला गेलेल्या माश्याही परत येतात.

खरी करामत पुढची. तुमच्या निरोगी पेटीतली, अजून मेणानं न झाकलेल्या अळ्यांच्या पोळ्याची एक चौकट, माश्या झटकून, तुम्ही मधोमध लावलीत. पोसायला पिल्लं असली की सातेरी सहजासहजी घर सोडत नाही. अनोळखी माणसाची जुनी पोळी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नयेत. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूनं कर्नाटकातल्या सातेरीचा फडशा पाडला होता, आणि रोग अशा चौकटींबरोबरही येतो.

माश्यांना द्यायच्या पाकाचं प्रमाणही सांगून ठेवतो, बरेच जण विचारतात: 200 ग्रॅम साखर, 200 मिली उकळून गार केलेलं पाणी. रोज संध्याकाळी, पेटीच्या आतच, वाटीत काड्या टाकून. नाहीतर माश्या बुडतात. दिवसा किंवा बाहेर ठेवला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि मारामारी जुंपते. गुळाचा पाक नको, त्यानं माश्यांचं पोट बिघडतं.

राणीजाळी, म्हणजे राणीला बाहेर पडू न देणारी जाळी, दारावर कायमची ठेवू नका, हे तुम्ही बजावलंत त्याचे वेगळे आभार. एकाच मोहोळातून पाठोपाठ निघालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घडात राणी बहुधा कोरी, म्हणजे मिलन न झालेली असते. तिला मिलनासाठी बाहेर पडताच आलं नाही तर पुढं नुसते नरच निपजतात. आता चौकटीतल्या पोळ्याच्या खणांच्या तळाशी एकेक अंडं, तांदळाच्या कणीहून बारीक, उभं दिसतंय. जाळी काढलीय.

पेटी ठेवलेल्या लाकडी घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, मुंग्या चढत नाहीत. पेटीला पुढच्या बाजूनं किंचित उतार दिलाय, म्हणजे आपल्याकडचा पाऊस आत साचणार नाही. तळफळी दर आठवड्याला पुसतो. तिथल्या चुऱ्यातच पोळं खाणारा मेणकिडा वाढतो.

जांभूळ फुलला तरी यंदा मध काढणार नाही, सगळा त्यांनाच. पावसाळ्याआधी एकदा पेटी बघायला या. वहिनींना नमस्कार सांगा.

आपले,
परड्याचे मालक